कोकिळेची टपालपेटी

वामनराव उभ्या आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. गाव हे अजून सांगतं, आणि मान डोलावून सांगतं. उंद्रीच्या पलीकडे दोन कोसांवरचं ते गाव, आणि तिथं वामनरावांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बांधाचा तंटा असो की बैलजोडीचा सौदा, ते बोलले की मिटलं. अशा घरात लेक नांदायला जाणं हे भाग्य, असं कोकिळेच्या बापाला संग्रामपुरात कोणीतरी सांगितलं होतं. भाग्य सांगणारे सांगून मोकळे होतात. नांदावं दुसऱ्यालाच लागतं.

कोकिळा ही वामनरावांची धाकटी सून. तिचा नवरा इंद्रभान लग्नानंतर दोन-अडीच वर्षांत विषमज्वरानं गेला. मूलबाळ नव्हतं. सासू त्याच्याही आधी गेलेली. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही ही घरची रीत, त्यामुळे इंद्रभान होता तोवर दोघांचे निरोप तोच इकडून तिकडे न्यायचा. तो गेल्यावर थोरली जाऊ गीताबाई हे काम करील असं वाटलं होतं, पण ती सांगायचं ते विसरायची आणि न सांगायचं ते नेमकं लक्षात ठेवायची. मग ओसरीवरच्या लाकडी खांबानं ते काम अंगावर घेतलं.

वामनराव ओसरीवर बसून म्हणायचे, "खांबा, आज वरणात मीठ जास्त झालं बे."

चौकटीआडून कोकिळा म्हणायची, "खांबा, मामंजीले सांग, उद्या कमी टाकीन."

यात कोणाला नवल वाटत नसे. गावात बऱ्याच घरी असं होतं. कुठे खांब, कुठे भिंत, एका घरी तर मांजर होतं आणि ते ऐकून घेता घेता झोपी जायचं.

वामनरावांचे दात पडले होते. चार राहिले होते, पण तेही एकमेकांच्या समोर नव्हते. त्यांची भाकर कोकिळा वेगळी करायची. पीठ दोनदा चाळून, कढत पाण्यात मळून, तव्यावरून उतरली की लगेच वरणात कुस्करून, वर लसणाची फोडणी. गीताबाईची भाकर अशी असायची की ओळखीचं कुत्रंसुद्धा वास घेऊन पुढे जाई. म्हातारा माणूस दिवसातून दोन वेळा सुखी होतो, आणि वामनरावांची ती दोन्ही सुखं कोकिळेच्या हातात होती. हे लक्षात ठेवा, कारण मला विचाराल तर साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी एवढंच होतं. अब्रू, खानदान, रीतिरिवाज हे सगळं नंतर चिकटवलेलं.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. रोज काहीतरी नवं निघायचं आणि त्यातलं निम्मं निघाल्या जागीच बसायचं. पण बुलढाण्याला बायकांचा हस्तकलेचा वर्ग निघाला तो खरोखरच निघाला. वर्षभर तिथंच राहायचं, शिकायचं, आणि शिकून झालं की शाळेत हस्तकला शिकवायची जागा. वर्गाच्या मुख्य बाई शरयूताई गावोगाव फिरून एकेका गावातून एकेक बाई निवडणार होत्या. टाकाऊ मालातून शोभेची एक वस्तू करून ठेवायची, ती त्यांनी बघायची आणि बोट दाखवायचं.

ही बातमी लक्ष्मीकांत मास्तरांनी चावडीवर आणली. मास्तर मनानं चांगला माणूस. वामनरावांच्याच खोलीत भाड्यानं राहायचे, आणि वामनरावांचा पुतण्या जिल्हा परिषदेत असल्यामुळे बदलीच्या दिवसांत जरा वाकून चालायचे. चावडीवर त्या दिवशी तालुक्याचे साहेब बसलेले. मास्तरांनी भीतभीतच विचारलं, "तुमच्या धाकट्या सूनबाईंच्या हाताला कला आहे म्हणतात. त्यांनी काही केलं तर चालेल का?"

साहेबांसमोर मागासलेलं कोण दिसेल? वामनराव म्हणाले, "काऊन नाही चालणार? करू द्या. बाईनं सोता बोट दाखवून हिलेच पाहिजे म्हटलं, तर मी आडवा येनार नाही. हा माहा शब्द."

शब्द दिला म्हणजे दिला. कोकिळेला हे विहिरीवर कळलं, तेव्हा तिच्या हातातली घागर तशीच पाण्यात बुडत गेली आणि दोर आपसूक सुटला. पंचविशी न ओलांडलेली बाई. पुढचं सगळं आयुष्य तिला त्या ओसरीपासून चुलीपर्यंत स्वच्छ दिसत होतं, आणि आता त्यात एकाएकी एक दार निघालं होतं.

काय करायचं यावर तिनं फार विचार केला नाही. संग्रामपूरला तिच्या माहेरच्या दारासमोर लिंबाला एक जुनी टपालपेटी ठोकलेली होती. लहानपणी तिला टेकून उभं राहिलं की परकर गंजानं माखायचा आणि आई रागवायची. ती पेटी करायची. नवी कोरी, लालभडक नाही. तशी कोणीही करील. तीच, म्हातारी, पापुद्रे सुटलेली.

आणि सगळी कागदाची. रद्दी भिजवून, त्यात मेथ्या वाटून घालून लगदा कुटायचा आणि विरलेल्या टोपल्यांना थापायचा, हे तिकडच्या बहुतेक बायकांना येतं. पण टोपलीला लगदा थापणं वेगळं आणि लगद्याला लोखंड व्हायला लावणं वेगळं. शालिग्राम वाण्याकडून तिनं खोक्यांचे पुठ्ठे मागून आणले. सांगाडा केला, वरचं टोपण अर्धगोल वळवलं, लगदा थापला, आणि मोरचूद घातलेल्या खळीनं त्यावर कागदाचे थर चढवले. खिळ्यांची डोकी म्हणून अख्खी मसूर चिकटवली. सुतळी वळवून 'टपाल' अशी अक्षरं बसवली आणि वरून पातळ कागद चेपला, म्हणजे ती ओतीव दिसायला लागली. कुलूपही कागदाचंच.

मग रंग. आधी काथ आणि काजळी कालवून सगळी पेटी तपकिरी करून घेतली. जिथं जिथं रंग उडालेला पाहिजे तिथं मेणबत्तीचा तुकडा घासला, आणि वरून शेंदूर व गेरूचा लाल हात दिला. वाळल्यावर नखानं खरवडलं की मेणावरचा लाल रंग पापुद्र्यांनी सुटायचा आणि खालचं 'लोखंड' उघडं पडायचं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. दिवाळीत मेण सांडलेल्या पाटाला रंग धरत नाही हे तिनं पाहिलं होतं, तेवढंच.

गीताबाई येता-जाता म्हणायची, "चांगल्या वस्तूले जुनी करून राह्यली. येडी तं नाही झाली ना?"

वामनराव मात्र बघत बसायचे. आधी लांबून, मग खाट सरकवून. एका दुपारी ते खांबाला म्हणाले, "खांबा, गंज असा सगळीकडं सारखा नसते बे. पानी जिथं थांबते तिथंच लोखंड खाते."

कोकिळा चौकटीआड थबकली. मग तिनं चहाचं पाणी आटवून बिजागरीखालून ओघळ सोडले, टोपणाच्या कडेला आणि तळाच्या कोपऱ्यांत गंज दाट केला, मधला भाग कमी केला. दुसऱ्या दिवशी वामनरावांनी शेतातल्या मोडक्या रहाटाची एक गंजकी पट्टी आणून खांबाच्या पायाशी ठेवली, काही न बोलता. तिनं ती उचलली, पेटीशेजारी धरली आणि गंजाला जरा पिवळट छटा दिली. म्हाताऱ्यानं खांबाला सांगितलं, "आता जमलं."

कोकिळेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा बाप असता तर त्यानंही इतकं निरखून पाहिलं नसतं. इतक्या वर्षांत त्या घरात तिच्या कोणत्याही कामाला भाकर सोडून कोणी बरं म्हटलं नव्हतं.

गावात आज म्हणतात की म्हाताऱ्यानं तेव्हापासूनच डाव रचला होता. मला तसं वाटत नाही. मला वाटतं त्याला खरंच गोडी लागली होती, आणि पुढं जे सुचलं ते ऐनवेळी, एका क्षणात सुचलं. डाव रचणारा माणूस निदान मेहनत तरी घेतो. यानं तेवढीही घेतली नाही.

शरयूताई येणार त्या सकाळी शाळेच्या पडवीत टेबलं लावली होती. टेबलांवर चिंध्यांच्या बाहुल्या, काडेपेट्यांची खुर्ची, आणि शालिग्राम वाण्याची बायको अन्नपूर्णाबाई हिचा मण्यांचा पोपट. तो पोपट तिनं लग्नाआधी माहेरी केला होता, आणि तिला बुलढाण्याला जायचंही नव्हतं. नवऱ्यानं मांड म्हटलं म्हणून मांडला. कोकिळा पेटी टेबलावर ठेवायला निघाली, तोच पडवीतून वामनराव मास्तरांना म्हणाले, "मास्तर, पेटी का टेबलावर ठेवाची चीज आहे? भिंतीले टांगा. पायरीजवळ."

मास्तरांना ते पटलं. कोकिळेला तर फारच पटलं. पायरीजवळच्या भिंतीवर, चुना उडालेल्या जागी पेटी टांगली आणि ती अशी बसली की जणू शाळा तिच्याभोवती बांधली होती. मास्तर प्रत्येक वस्तूवर करणारीच्या नावाची चिठ्ठी टाचत होते. पेटीपाशी आले तर कोकिळेनं मानेनंच नाही म्हटलं. टाचणीनं पापुद्रा उखडला असता. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात दुसरंच होतं. बाईंनी आधी फसावं, हात लावावा, चमकावं, आणि मग विचारावं, ही कोणी केली? तो प्रश्न तिनं मनात इतक्या वेळा ऐकला होता की त्याचा आवाजसुद्धा ठरून गेला होता.

माणसानं इतकी हौस करू नये. पण कोणत्या तोंडानं सांगावं? आयुष्यात एकदाच केली होती.

दुपारी जीप आली. शरयूताई उतरल्या, चष्मा, पांढरी साडी, खांद्यावर पिशवी, बोलणं पुण्याकडचं. अर्धा गाव जमलेला. बायका पडवीच्या टोकाला डोक्यावरून पदर घेऊन उभ्या, त्यांत कोकिळा. वामनराव पुढे होऊन बाईंना पायरीपाशी घेऊन आले. बाईंची नजर भिंतीकडे गेली.

"अरे वा, तुमच्या गावात टपालपेटी आहे वाटतं!" मग जवळ न जाताच त्यांनी कपाळाला आठी घातली. "पण केवढी गंजलीये ही. एखाद्या मुलाचा हात कापायचा. वर कळवा हो कोणीतरी."

सगळी पडवी हसू दाबून उभी राहिली. बायकांनी कोकिळेला कोपरानं ढोसलं. मास्तरांचं तोंड उघडलंही होतं. आता फक्त कोणीतरी म्हणायचं होतं, बाई, हात तर लावा. आणि हे म्हणायचा मान अर्थातच वामनरावांचा होता.

वामनरावांनी पेटीकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. मग म्हणाले, "कळवतो."

आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी खरोखरच उंद्रीच्या टपाल कचेरीला कार्ड टाकलं, गावाला चांगली पेटी मिळावी म्हणून. शब्दाचा माणूस.

पडवीतलं हसू विझलं. काहींना कळलं, काहींना कळायला वेळ लागला, पण वामनरावांच्या वरताण बोलायची छाती कोणाची होती? मास्तरांनी तोंड मिटलं. बाई पायऱ्या चढून टेबलांपाशी गेल्या. बाहुली उचलली, ठेवली. खुर्ची उचलली, ठेवली. पोपटापाशी जरा थांबल्या.

"एवढंच?" त्यांनी मास्तरांना विचारलं. "मला तुमच्या पत्रावरून वाटलं होतं, काहीतरी वेगळं दिसेल."

मास्तरांनी वामनरावांकडे पाहिलं.

"जे आहे ते तुमच्या डोयापुढंच आहे, बाई," वामनराव म्हणाले.

हेही खरंच होतं.

आता कोकिळेलाच बोलावं लागणार होतं. सासऱ्यासमोर, भर सभेत, परक्या बाईशी तोंड उघडायचं. तिच्या घराण्यात हे कोणी केलं नव्हतं. पण बाईंनी पिशवीतून यादी काढली होती आणि पेनाचं टोपण उघडलं होतं. कोकिळेनं पडवीच्या दगडी खांबाला हात लावला. दुसरं काही तिला येतच नव्हतं. ती म्हणाली, "खांबा, बाईले सांग, थे पेटी कागदाची हाये. म्या केली."

आवाज बारीक होता, पण पडवी इतकी गप्प होती की तो ऐकू गेला. बाईंनी मान वळवली. एक तरुण बाई दगडी खांबाला हात लावून त्याच्याशी बोलत होती.

"कोण ही?" बाईंनी हळूच विचारलं. "काय म्हणतेय?"

"माही धाकटी सून," वामनराव म्हणाले. आवाजात खरं दुःख होतं, आणि मला तेच सर्वांत जास्त चीड आणतं. "माहा पोरगा मेला, तवापासून खांबाशीच बोलते, बाई."

यातला एक शब्द तरी खोटा काढून दाखवा. अख्ख्या गावाला तो काढता आला नाही.

बाईंचा चेहरा पालटला. त्यात दया आली, आणि दया आल्यावर माणूस ऐकायचं बंद करतो. कोकिळेनं ते पाहिलं. तिनं खांब सोडला, डोक्यावरचा पदर घसरला, आणि पहिल्यांदाच ती माणसाकडे बघून ओरडली, "बाई, थे पेटी माही हाये! थे टपालपेटी माही हाये!"

"हो, हो," शरयूताई म्हणाल्या. जवळ येऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझीच आहे हं. कोणी नाही घेणार तुझी पेटी."

गर्दीतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. गीताबाईनं पुढे होऊन कोकिळेचा दंड धरला, "चाल घरी, तमाशा झाला तेवढा पुरे." बाईंनी डोळे टिपले आणि वामनरावांना म्हणाल्या, "तुम्ही सांभाळताय तिला. एवढं मन सगळ्यांचं नसतं." वामनरावांनी हात जोडले. मग बाईंनी यादीत अन्नपूर्णाबाईंचं नाव लिहिलं. अन्नपूर्णाबाई रडायलाच लागली, आणि ते आनंदाचे अश्रू आहेत असं समजून बाईंनी तिचीही पाठ थोपटली.

जीप सुरू झाली. पोरं मागे धावली, धूळ उठली. तेवढ्यात कोकिळेनं दंड सोडवून घेतला. ती पायऱ्या उतरली, भिंतीपाशी गेली आणि पेटीवर मूठ मारली. मेथीच्या लगद्याचं काम, असं तसं फुटत नाही. तिनं पुन्हा मारली, पुन्हा मारली, मग कोपरापर्यंत हात आत घालून समोरचा भाग उभा फाडला. सुतळीची अक्षरं लोंबायला लागली. मसुरीचे दाणे पायरीवर उडाले.

जीपमधून शरयूताईंनी मागे वळून पाहिलं. धुळीतून त्यांना एवढंच दिसलं की ती बिचारी बाई टपाल खात्याची पेटी फोडते आहे. त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला, चला. आपल्याला बघून ती आणखी बिथरेल." जीप वळणावर दिसेनाशी झाली.

कोकिळेच्या हातात पेटीचा एक मोठा तुकडा होता. एका बाजूनं गंजकं लाल लोखंड, आणि फाटलेल्या कडेला कागदाचे पांढरे थर. ती तो घेऊन गर्दीत शिरली. मास्तरांपुढे धरला. "पाहा, कागद हाये." मास्तर खाली बघू लागले. गीताबाईपुढे धरला, बायकांपुढे धरला, शालिग्राम वाण्यापुढे धरला. "पाहा ना. कागद हाये." शेवटी ती वामनरावांपुढे उभी राहिली, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत, आणि तुकडा त्यांच्या नाकासमोर धरून म्हणाली, "मामंजी, तुमी तरी सांगा. कागद हाये ना?"

"हाव, कागदच आहे," वामनराव म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.